अक्कांच्या दोन खोल्या

तीन बाया एका छपराखाली राहिल्या की किस्से होणारच. त्यातून एकीला दिसत नसेल, दोघींना धड चालता येत नसेल आणि तिघींनाही गप्प बसवत नसेल, तर मग विचारूच नका! धुणं वाळलं की घडी घालून ठेवता येतं. किश्शांची घडी कुठं घालणार? ते साठतच जातात. परवा एका लग्नात नसीम भेटली. पंगतीत बसून आम्ही जुन्या गोष्टी काढल्या आणि इतक्या हसलो, की वाढपी जिलबीचं ताट घेऊन तसाच पुढे गेला. जिलबी गेली ती गेलीच. म्हटलं, निदान किस्से तरी सांगून टाकावेत.

तर हे सगळं बीडचं, नव्वदीतलं. गल्लीगल्लीत केबलची वायर येत होती, चौकाचौकात एसटीडीचे बूथ उभे राहत होते, आणि ज्याला त्याला कॉम्प्युटर क्लास काढायचा होता. त्या दिवसांत आमच्या कलावतीअक्कांनी काय काढलं? घर! अक्का चाळिशी ओलांडलेल्या. लहानपणी दोन्ही पायांना पोलिओ झालेला, दोन कुबड्यांवर चालायच्या. वडलांच्या किराणा दुकानामागच्या दोन खोल्या त्यांच्या वाट्याला आल्या होत्या. पुढच्या खोलीत मोटारीच्या मशीनवर साड्यांना पिको-फॉल करायच्या आणि मागच्या खोलीत राहायच्या.

भाऊ म्हणाले, "अक्का, एकटी कशी राहशील गं?"

अक्का म्हणाल्या, "एकटी कावून? आजून दोघी आणते!"

त्या दोघींतली एक मी, संगीता. दुसरी नसीम.

*

मी आष्टी तालुक्यातली. माझ्या उजव्या पायात पोलिओ, त्याला मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, हातात काठी. आईवडील ऊसतोडीला जायचे तेव्हा मी चुलत्याकडे असायचे. घरात मला कुणी काडीचं काम सांगायचं नाही. सगळ्यांचा माझ्यावर लई जीव, म्हणून! बारावी झाली, बीडला टायपिंग शिकायचं ठरलं आणि शाळेतल्या बाईंनी अक्कांचं नाव सांगितलं.

वडील मला पोचवायला आले. दारातच हात जोडून म्हणाले, "अक्का, पोरगी लई नाजूक हाय. तिला काय काम सांगू नका."

अक्कांनी मशीनवरून मान वर केली नाही. "मग हितं कशाला आणली? देव्हाऱ्यात बसवा की!"

मग अक्का माझ्याकडे वळल्या. "वडील उन्हातनं आलेत. चहा ठिव."

"मला येत न्हाई."

"येत न्हाई म्हणूनच सांगायले. येत असता तर मीच मागितला असता."

मी जन्मात पहिल्यांदा स्टोव्ह पेटवला. मशीनचा खडखडाट आणि त्यातूनच अक्कांच्या सूचना. "पाणी, पत्ती, साखर, दूध. कशानंबी सुरुवात कर, शेवटी चहाच होतोय!" झाला एकदाचा. रंग कपडे विसळलेल्या पाण्याचा, आणि साखर मी घाबरून मूठभर टाकलेली.

वडलांनी कप दोन्ही हातांत धरला. फुंकून फुंकून सगळा प्यायला. मग उपरण्यानं तोंड पुसलं, डोळे पुसले, परत तोंड पुसलं आणि म्हणाले, "आजून हाय का?"

"पातेल्यात हाय," अक्का म्हणाल्या. "उठून घ्या. पोरगी हाय तुमची, हॉटेलवाली न्हाई!"

*

अक्कांची पहिली शिकवणी चालायची नव्हती. पडायची होती!

"ज्याला पडायचं भ्या," अक्का म्हणायच्या, "तो घराबाहेर पडत न्हाई."

मागच्या खोलीत गादी अंथरायची आणि पडायचं. काठी लांब फेकायची, हनुवटी छातीला लावायची, कुशीवर जायचं. हात टेकायचा नाही, मनगट मोडतं. मग पालथं होऊन, कॅलिपरचा गुडघा अडकवून, काठीच्या आधारानं परत उभं राहायचं. मी रोज सकाळी पडायचे. शेजारच्या निर्मलाकाकूंना वाटायचं, इथं भांडणं चालतात.

एकदा मंडईत कोबीच्या पानावरून काठी सरकली आणि मी आडवी. पण काय पडले! कुशीवर, एकदम सुबक. लोक धावले. "अरे उचला, उचला पोरीला!"

अक्कांनी एक कुबडी आडवी धरली. "कुणी हात लावायचा न्हाई! परीक्षा चालू हाय!"

सगळे जागच्या जागी. मी पालथी होऊन उठायच्या खटपटीत, तेवढ्यात एका बाईंनी पुढे होऊन माझ्यासमोर रुपया टाकला आणि नमस्कार करून निघाल्या. मी उभी राहिले, पण तोंड उतरलं. अक्कांनी तो रुपया मला उचलायला लावला. त्याची कोथिंबीर घेतली आणि त्या बाईंना हाक मारली, "ओ ताई!" त्या वळल्या. अक्कांनी जुडी त्यांच्या पिशवीत ठेवली, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "देव तुमचं कल्याण करो."

बाई जुडीकडे बघतात, अक्कांकडे बघतात!

पुढे त्या आमच्या कायमच्या गिऱ्हाईक झाल्या. साडी टाकायला आल्या की आधी विचारायच्या, "आज कुणी पडलं का?"

*

नसीम माजलगावची. जन्मापासून दिसत नव्हतं. बीडला एका सरकारी ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली, आणि ऑफिसातल्या लोकांपेक्षा ऑफिसातल्या भानगडी तिलाच जास्त ठाऊक! पगार झाला तसं तिनं जाहीर केलं, "घरात टीव्ही आणायचा. माझ्याकडून."

आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "त्यांना काय पाहिजे?"

नसीम म्हणाली, "त्यांना रंगीत टीव्ही पाहिजे."

दुकानदार चांगला माणूस होता. नुकसान होऊ नये म्हणून त्यानं समजावलं, "ताई, राग मानू नका. तुमाला तर दिसत न्हाई. ब्लॅक अँड व्हाइट घ्या की. आवाज दोन्हीला सारखाच!"

नसीम शांतपणे म्हणाली, "भाईसाब, मला न्हाईच दिसायचं, तर रंगीत न्हाई दिसू द्या!"

रंगीतच आला. संध्याकाळी गल्ली आमच्या खोलीत. नसीम सगळ्यात पुढे, आणि रिमोट तिच्या हातात. काय टाप होती कुणाची मागायची!

*

एकदा आम्ही तिघी एसटीनं माजलगावला निघालो. "अपंगांसाठी राखीव" असं लिहिलेल्या सीटवर एक पैलवान गडी बसलेला. मिशी अशी, की दोन्ही टोकांवर लिंबू ठरावं!

कंडक्टर म्हणाला, "उठा की राव, बायांना बसू द्या."

गडी खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मीबी अपंगच हाय. गुडघा दुखायलाय."

आम्हाला वाटलं, आता अक्का भडकणार. पण अक्का खूश! "अरे वा! मंग आमच्यातलेच की तुमी!" म्हणत त्याच्या शेजारी टेकल्या. "नाव काय तुमचं?"

"भगवान."

"भगवानराव, मनाला लावून घिऊ नका. सुरुवातीला सगळ्यांनाच लाज वाटती. दर रविवारी आमच्याकडं बैठक असती, बीडात कलावतीअक्काचं पिको-फॉल कुणीबी दाखवंल. यायचं. संगीता, टेप काढ गं. ह्यांच्या कॅलिपरचं माप घिऊ."

आणि मी खरंच पिशवीतून टेप काढून त्याच्या गुडघ्याकडे वाकले! अख्खी बस हसली. भगवानराव ताडकन उठले आणि दांडा धरून, दाराकडे तोंड करून, माजलगावपर्यंत उभे राहिले.

रविवारी आमच्यासारख्यांची बैठक भरली होती. बघतो तर दारात तीच मिशी! मी काठी घट्ट धरली. नसीमनं विचारलं, "कोण हाय?" भगवानराव आत आले, खाली मांडी घालून बसले, टोपी हातात फिरवत राहिले.

"माप माझं न्हाई घ्यायचं," ते म्हणाले. "माझ्या धाकट्या भावाचं घ्यायचंय. उसाच्या ट्रॉलीवरनं पडला. कमरंखाली जीव राहिला न्हाई. तवापासनं बाजंवरनं उठत न्हाई का बोलत न्हाई."

अक्कांनी मशीनवरचा टेप काढून माझ्या हातात दिला.

"संगीता," त्या म्हणाल्या, "तू जा."

*

त्या भावाचं नाव सुभाष. गाव नदीकाठाला, माजलगावजवळच. मी गेले, तर तो बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. आई म्हणाली, "कुणी आलं की असंच करतोय बघ."

आता काय बोलावं? अक्कांनी काहीच सांगून पाठवलं नव्हतं. त्याला धीर द्यायचा, तर मलाच धीर नव्हता! मी स्टुलावर बसले. तो भिंत बघतोय, मी त्याची पाठ बघतेय. उन्हाळा मरणाचा. कॅलिपरचे पट्टे घामानं मांडीला चावायला लागले. शेवटी राहवेना. मी खटाखट पट्टे सोडले, कॅलिपर काढून भिंतीला टेकवला आणि करकरा पाय खाजवत म्हणाले, "मेलं हे लोखंड!"

सुभाषनं मान वळवली. "ते निघतंय व्हय?"

"निघतंय की. न्हाईतर काय घिऊन झोपू?"

त्यानं माझ्या पायाकडे बोट केलं. "आन् मंग पाय?"

"पाय हाय तिथंच असतोय. पळून कुठं जातोय!"

सुभाष हसला. आधी नाकातून, मग मोठ्यानं. त्याची आई चुलीपुढून पिठाच्या हातानं धावत आली. "कोण हसलं? ह्यो हसला?"

माउलीनं मीठमोहऱ्या आणल्या आणि तिथल्या तिथं दृष्ट काढली. आधी सुभाषची, मग माझी, आणि मग भिंतीला टेकवलेल्या कॅलिपरची!

*

अपंगांसाठी नवा कायदा झाला, सवलती आल्या. त्या जिथं मिळायच्या ते ऑफिस मात्र वरच्या मजल्यावर! लिफ्ट नाही. शिपाई म्हणायचा, "अर्ज वर आणून द्या."

अक्कांनी सगळ्यांना गोळा केलं आणि जिन्याच्या तोंडाशी सतरंजी टाकली. कुबड्या, काठ्या, तीनचाक्या. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. अक्कांनी शेंगा आणल्या होत्या, सगळे सोलत बसले. चहा घेऊन वर जाणाऱ्याला वाट मिळेना. वरच्या साहेबांचा चहा खालीच गार!

शेवटी साहेब स्वतः उतरून आले. तरुण होते, नवीनच बदलून आलेले. "वर या ना, चर्चा करू," म्हणाले.

अक्का म्हणाल्या, "साहेब, तुमी उतरलात तसं आमाला चढता आलं असतं, तर आलो नसतो का?"

साहेबांनी जिन्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि शेवटच्या पायरीवर बसले. शेंगाही घेतल्या. पुढच्या आठवड्यापासून त्यांचं टेबल दर सोमवारी खाली, लिंबाच्या झाडाखाली.

पहिल्याच सोमवारी रांगेत एक म्हातारे शेतकरी येऊन बसले. अक्कांना हळूच म्हणाले, "बाई, मी अपंग न्हाई, म्हातारा हाय. पण जिना मलाबी चढवत न्हाई. बसू का?"

"बसा की," अक्का म्हणाल्या. "सगळेच येणार हायेत. तुमी जरा लवकर आलात!"

*

अक्का हरल्याचाही एक किस्सा आहे. एकच आहे!

अक्कांना कडक ताप भरला. मी गावी गेलेली, नसीम ऑफिसला. निर्मलाकाकू कढी-खिचडी घेऊन आल्या, तर अक्का आतूनच, "ठिवा बाजूला. माझं मी करते. कुणाच्या आधारानं जगायचं न्हाई, हे मीच पोरींना शिकवते," आणि उठायला गेल्या त्या परत गादीवर.

काकू कमरेला पदर खोचून उभ्या. "अक्का, मागल्या साली माझं सिझर झालं. महिनाभर आमच्या घरचा डबा कुणी केला?"

"आमी."

"तवा मी अपंग झालते का?"

अक्कांनी पांघरूण डोक्यावर ओढलं.

"मग? स्वावलंबन ताप उतरल्यावर करा," काकू म्हणाल्या. "आत्ता कढी प्या!"

अक्का प्यायल्या. वर म्हणाल्या, मीठ कमी हाय.

*

मला बघायला पाहुणे आले तो किस्सा नसीमशिवाय होत नाही. पाहुणा धडधाकट, डोक्याला टोपी. सोबत त्याचा मामा. माझे आईवडील गावाहून आलेले, अंग चोरून बसलेले. मामा म्हणाले, "आमी काय, पुण्याचं काम म्हणून करायलोत. पोरीला चालून दाखवायला सांगा."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी उठले. खट, खट, खट, खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मामा मान वाकडी करून पायाकडे बघतायत. नसीम कोपऱ्यात बसलेली. मी तिच्याजवळून जाताना तिनं हळूच विचारलं, "कसा हाय?" मी म्हणाले, "टोपीवाला."

मी जागेवर बसले. मामा म्हणाले, "ठीक हाय. चालंल."

नसीम म्हणाली, "आमचं दाखवून झालं. आता पाहुण्यांनी टोपी काढून दाखवावी."

पाहुण्याचा हात आपोआप टोपीवर गेला, आणि घट्ट बसला! मामा रागानं लाल. "ह्या बाईला दिसत न्हाई, तिला काय करायचंय?"

"मला न्हाई दिसत," नसीम म्हणाली, "म्हणून तर तुमी सगळे मिळून बघा अन् मला सांगा!"

सगळ्यात आधी कोण हसलं असेल? माझा बाप! पाहुणे पोहे न खाताच गेले. आम्ही खाल्ले.

*

आणि आता धरणाचा.

सुभाष तोवर पार बदलला होता. गावच्या फाट्यावर एसटीडीचा बूथ टाकला होता, तीनचाकी हातानं फिरवत स्वतः जायचा-यायचा. पण एक गोष्ट त्याला सलायची. लहानपणापासून नदीत पोहलेला गडी, पडल्यापासून पाण्याला शिवला नव्हता. भगवानराव नको म्हणायचे. "एकदा मरता मरता वाचलाय," म्हणायचे.

हे अक्कांना कळलं. म्हणाल्या, "मीबी जन्मात पाण्यात गेले न्हाई. चला सगळेच!"

भगवानरावांना जीप ठरवावीच लागली. माजलगावच्या धरणाच्या मागच्या पाण्याला, जिथं काठ उतरता आहे, तिथं आम्ही गेलो. संगे ट्रकच्या टायरच्या ट्यूबा. सुभाष बसल्या बसल्या सरकत पाण्यात गेला. भगवानराव कपड्यांसकट त्याच्या मागे, दोन्ही हात पसरून. सुभाषनं एकदा बुडी मारली आणि बराच लांब वर आला. हात असे चालत होते, की पाय होते की नव्हते, पाण्याला काय ठाऊक? तिथून ओरडला, "दादा! हितं समदे सारखेच हायेत रं!"

भगवानरावांनी तोंडावर पाणी मारून घेतलं. बराच वेळ मारत राहिले. मग म्हणाले, "मी भजी घिऊन येतो," आणि जीप घेऊन गेले.

मग काय! नसीम कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून दोन्ही हातांनी पाणी उडवतेय. मी काठावरच्या उथळ पाण्यात बसलेली. अक्का ट्यूबमध्ये बसून, नऊवारीचा फुगा करून, राणीसारख्या तरंगतायत. सुभाष त्यांची ट्यूब ढकलत झुडपांच्या पलीकडे घेऊन गेला. मी आणि नसीमही हळूहळू त्यांच्या मागे सरकलो.

तेवढ्यात काठावरून एक दूधवाला सायकलनं चालला होता. त्याला काय दिसलं? काठावर दोन कुबड्या, एक काठी, बुटासकट कॅलिपर, एक पांढरी काठी, एक रिकामी तीनचाकी सायकल. आणि माणूस एकही नाही!

"अगं आई गं! जीव दिला समद्यांनी!" असं ओरडत त्यानं सायकल टाकली. दोन्ही कॅन आडवे, दुधाचा ओघळ पाण्यापर्यंत. झुडपांपलीकडे त्याला अक्कांचं डोकं वरखाली होताना दिसलं. "धीर धरा बाई! आलो!" म्हणत त्यानं अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेतली.

मन मोठं होतं हो माणसाचं. पण पोहता येत नव्हतं!

दोन हात मारले आणि खोलात गेला. एकदा वर, एकदा खाली. अक्का ट्यूबमधून ओरडल्या, "सुभाष, माणूस बुडायलाय!" सुभाष सपासप हात मारत पोचला, दुसरी ट्यूब त्याच्या काखेत सरकवली, कॉलर धरली आणि ओढू लागला. मी ओरडतेय, "नसीम, डावीकडं! आजून डावीकडं!" नसीमनं पाण्यात चाचपून त्याचा हात पकडला तो असा, की सोडीना. मी काठावर सरपटत जाऊन अक्कांची कुबडी पुढे केली. तिघांनी मिळून त्याला बाहेर काढला.

तो बिचारा चिखलात बसला. थरथर कापतोय, नाकातोंडातून पाणी येतंय. जरा श्वास आला तसं त्यानं इकडे तिकडे पाहिलं. सुभाषचे पाय पाहिले, नसीमचे डोळे पाहिले, माझा पाय पाहिला आणि पाण्यावर तरंगणाऱ्या अक्कांना काकुळतीनं म्हणाला, "बाई, असं पाण्यात यायचं म्हणजे... तुमच्यासंगं कुणी धडधाकट माणूस न्हाई का?"

अक्का ट्यूबमध्ये जरा सावरून बसल्या.

"हाय की एक," त्या म्हणाल्या. "आत्ताच पाण्यातनं बाहेर काढलाय!"